घरगुती ध्वनिमुद्रण आणि गायकाच्या कानातला निनाद

शहाड हे मध्य रेल्वेच्या कल्याण–कसारा मार्गावरील कल्याणनंतरचे पहिले स्थानक असून, उल्हासनगरची दाट वस्ती, कल्याण–मुरबाड रस्त्याची वर्दळ आणि जवळून वाहणारी उल्हास नदी यांच्या सान्निध्यात हे गाव आज शहरात पूर्णपणे मिसळून गेले आहे. टिटवाळा-शहाडपासून कल्याण-डोंबिवली आणि पुढे ठाण्यापर्यंतच्या या पट्ट्यात गाण्याची परंपरा जुनी आणि बहुविध आहे. आगरी-कोळी घरांतील लग्नविधी धवलारिणीच्या गाण्यांवाचून पार पडत नाहीत, हळदीच्या रात्रीसाठी दर हंगामात नवी गाणी निघतात, चैत्रातील यात्रेच्या सुमारास कार्ल्याच्या एकवीरा आईची गाणी बांधली जातात, १४ एप्रिल जवळ आला की भीमगीतांच्या मुद्रणाची घाई सुरू होते, भजनी मंडळे वर्षभर अभंग गात असतात, आणि कल्याण गायन समाजासारख्या संस्थांनी शास्त्रीय गायनाचे संस्कार जपलेले आहेत. पूर्वी यांपैकी कोणतेही गाणे ध्वनिमुद्रित करायचे झाले तर मुंबईतील स्टुडिओचे तास विकत घ्यावे लागत. आज एक लॅपटॉप, एक मायक्रोफोन, एक हेडफोन आणि एक ऑडिओ इंटरफेस एवढ्या सामग्रीवर राहत्या घरातील एखाद्या खोलीत हे काम होऊ शकते. ऑडिओ इंटरफेस म्हणजे मायक्रोफोनकडून येणाऱ्या विद्युत-संकेताचे संगणकाला कळणाऱ्या आकड्यांत आणि संगणकातील आकड्यांचे पुन्हा हेडफोनला कळणाऱ्या संकेतात रूपांतर करणारी छोटी पेटी होय.

सामग्री जमली तरी अशा खोलीत गाणाऱ्याची एक तक्रार हमखास ऐकू येते : आवाज कोरडा लागतो, सूर धरता येत नाही, थोडा इको द्या. ही मागणी अनेकदा हौशी लाड म्हणून उडवून लावली जाते, किंवा ती पुरवण्याच्या नादात आवाजावर कायमचा रिव्हर्ब चढवून मुद्रण बिघडवले जाते. वस्तुतः गाताना स्वतःचा आवाज निनादासह कानावर पडणे ही गायकाची खरीखुरी गरज आहे आणि ती मुद्रणाला धक्का न लावता, बेताच्या सामग्रीतही भागवता येते. त्यासाठी कान, खोली आणि संगणक या तिन्हींचे वागणे थोडक्यात समजून घ्यावे लागते.

सूर कानाने सांभाळला जातो

गळा सूर काढतो, पण तो सूर बरोबर आहे की नाही याचा निवाडा कान करतो आणि त्या निवाड्यानुसार गळा क्षणोक्षणी स्वतःला सावरतो. हिंदुस्थानी संगीतात तंबोरा गायकाच्या मागे, अगदी कानाजवळ धरण्याची पद्धत आहे, तिचे कारण हेच. गायकाला स्वतःचा आवाज दोन वाटांनी ऐकू येतो. ओठांतून निघालेला ध्वनी हवेतून कानाच्या पडद्यापर्यंत येतो, आणि त्याच वेळी स्वरयंत्राची कंपने कवटीच्या हाडांतून थेट अंतःकर्णापर्यंत पोहोचतात. या दुसऱ्या वाटेने येणारा आवाज अधिक खर्जाचा आणि भरीव वाटतो, म्हणूनच मुद्रित झालेला स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकताना बहुतेकांना तो परका आणि पातळ वाटतो.

कानावर काय पडते यावर आवाजाची फेक ठरते, हे एत्येन लोंबार या फ्रेंच वैद्याने १९११ मध्ये दाखवून दिले. कानात गोंगाट सोडला की माणूस नकळत आवाज चढवतो आणि गोंगाट थांबताच तो पुन्हा खाली आणतो, असे त्याच्या निरीक्षणातून दिसले; ध्वनिशास्त्रात हा परिणाम त्याच्याच नावाने ओळखला जातो. याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज फार मोठा आला तर गायक गळा आखडता घेतो आणि आवाज फार लहान आला तर ओरडू लागतो. म्हणजे हेडफोनमधील मिश्रण ही गायनाच्या घडणीतच भाग घेणारी गोष्ट आहे.

या मिश्रणात निनादाचे स्थान काय, हे जुन्या वास्तूंत उभे राहिले की कळते. शहाडच्या जवळच असलेले अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० मधील शिलालेखामुळे प्रसिद्ध आहे. अशा पाषाणी मंदिरात उच्चारलेला शब्द भिंती, खांब आणि छत यांवरून परतून अनेक वाटांनी पुन्हा कानावर येतो. हे परतलेले ध्वनी इतके दाट आणि एकमेकांत मिसळलेले असतात की ते वेगवेगळे ऐकू न येता मूळ स्वराची शेपटी होऊन रेंगाळतात. यालाच निनाद किंवा आजच्या बोलीत रिव्हर्ब म्हणतात. प्रतिध्वनी याहून निराळा असतो. शालेय विज्ञानात शिकवल्याप्रमाणे मूळ ध्वनीनंतर किमान ०.१ सेकंदाने परतलेला ध्वनीच स्वतंत्र ऐकू येतो आणि त्यासाठी भिंत किमान १७.२ मीटर दूर असावी लागते. घरगुती मुद्रणाच्या बोलण्यात 'इको' हा शब्द दोन्हींसाठी सर्रास वापरला जात असला, तरी गायकाला बहुतेक वेळा हवा असतो तो निनादच. लांबवलेला स्वर निनादात थोडा वेळ टिकून राहत असल्यामुळे पुढचा स्वर त्याच्या आधाराने लावता येतो, मींड आणि आलाप यांना आधार मिळतो, श्वास घेतानाची पोकळी भरून निघते आणि गळ्यावरचा ताण कमी होतो.

खोली कोरडी का करावी लागते

निनाद इतका उपकारक असेल, तर रिकाम्या खोलीचा घुमारा तसाच का मुद्रित करू नये, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर वॉलेस सॅबिन या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाच्या कामात सापडते. हार्वर्ड विद्यापीठातील एका सभागृहात बोललेले नीट समजत नसे, म्हणून १८९५ पासून सॅबिनने तेथे प्रयोग केले आणि निनादकाल मोजण्याचे सूत्र शोधून काढले. ध्वनीची पातळी ६० डेसिबलने खाली येण्यास लागणारा वेळ म्हणजे निनादकाल. खोलीचे घनमीटरमधील आकारमान ०.१६१ ने गुणून तिच्यातील एकूण ध्वनिशोषणाने भागले की तो सेकंदांत मिळतो.

हे सूत्र कल्याण-शहाडकडील इमारतींत नेहमी आढळणाऱ्या दहा बाय बारा फुटांच्या खोलीला लावून पाहता येते. छत साडेनऊ फुटांवर धरले तर खोलीचे आकारमान सुमारे ३२ घनमीटर आणि भिंती, छत व जमीन मिळून पृष्ठभाग सुमारे ६१ चौरस मीटर भरतो. गिलावा आणि लादी ध्वनी फारच थोडा शोषून घेतात. हे शोषण सरासरी पाच टक्के मानले तर एकूण शोषण तीन चौरस मीटरच्या आसपास येते आणि रिकाम्या खोलीचा निनादकाल सुमारे १.७ सेकंद ठरतो. त्याच खोलीत गादी, जाड पडदे, भिंतीला टांगलेल्या गोधड्या आणि उघडे ठेवलेले कपड्यांचे कपाट यांमुळे आणखी सात चौरस मीटर शोषणाची भर पडली, तर तो अर्ध्या सेकंदावर येतो.

१.७ सेकंद हा आकडा एखाद्या चांगल्या सभागृहाला शोभणारा असला, तरी लहान खोलीतील निनादाचा गुण निराळाच असतो. सभागृहात भिंती दूर असल्यामुळे पहिला परावर्तित ध्वनी थोड्या अवकाशाने येतो आणि मूळ शब्द स्वच्छ राहतो. लहान खोलीत गायकापासून मीटरभर अंतरावर असलेल्या भिंतीवरून ध्वनी सहा मिलिसेकंदांतच परततो (एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग) आणि मूळ ध्वनीत मिसळून काही कंपनसंख्या वाढवतो तर काही पुसून टाकतो. त्यामुळे आवाज डब्यातून आल्यासारखा लागतो. शिवाय समोरासमोरच्या भिंतींच्या अंतरानुसार ठरावीक खालचे स्वर घुमू लागतात. दहा फूट अंतराच्या भिंतींमध्ये हा घुमारा सुमारे ५६ हर्ट्झला आणि त्याच्या पटींत उभा राहतो. एकदा मुद्रित झालेला हा दोष नंतर पूर्णपणे काढता येत नाही.

म्हणून मुद्रणाची खोली शक्य तितकी कोरडी करणे हेच योग्य. शहाडसारख्या ठिकाणी त्याला आणखी एक कारण आहे. लोकल, मेल आणि मालगाड्यांची घरघर, रस्त्यावरचे भोंगे, शेजारच्या घरातील कुकरची शिटी आणि डोक्यावरचा पंखा या सर्वांपासून आवाज वाचवायचा असेल, तर माइक तोंडाच्या जवळ, चार-सहा इंचांवर ठेवावा लागतो आणि त्याची पाठ खिडकीकडे करावी लागते. इतक्या जवळून घेतलेल्या आवाजात खोलीचा अंश जवळजवळ नसतोच. बाहेरचा गोंगाट आत येऊ नये म्हणून कान झाकणारे बंद हेडफोन घातले की हवेच्या वाटेने येणारा स्वतःचा आवाजही बराच अडतो. अशा रीतीने चांगल्या मुद्रणासाठी केलेला प्रत्येक उपाय गायकाच्या कानातून निनाद हिरावून घेतो. जे हिरावले ते कानाला परत देणे, आणि कानालाच देणे, हे जिवंत, म्हणजे गातानाच ऐकू येणाऱ्या, रिव्हर्बचे काम आहे.

खोलीपासून सुटलेला निनाद

निनाद खोलीपासून वेगळा काढून हवा तिथे वापरण्याची कल्पना संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. १९४७ मध्ये शिकागो येथील बिल पुटनम या ध्वनिमुद्रकाने हार्मोनिका वाजवणाऱ्या एका वाद्यवृंदाच्या मुद्रणासाठी स्टुडिओचे स्वच्छतागृह निनादकक्ष म्हणून वापरले. तेथे लाउडस्पीकरमधून आवाज सोडायचा, माइकने तो निनादासह परत घ्यायचा आणि मूळ मुद्रणात हवा तेवढा मिसळायचा, अशी ती रीत होती. मुंबईत १९४९ च्या 'महल' चित्रपटासाठी खेमचंद प्रकाश यांच्या संगीतात गाताना लता मंगेशकर यांनी एका गाण्याच्या सुरुवातीच्या ओळी दूरवरून माइककडे चालत येत म्हटल्या. माइकपासून दूर असताना थेट आवाज कमी आणि खोलीचा निनाद जास्त, जवळ आल्यावर याच्या उलट, या साध्या तत्त्वावर दुरून येणाऱ्या स्त्रीचा भास उभा राहिला.

१९५७ मध्ये ईएमटी या जर्मन कंपनीने मोठ्या पोलादी पत्र्याच्या कंपनांतून निनाद निर्माण करणारे यंत्र बाजारात आणले, आणि १९७६ मध्ये त्याच कंपनीच्या डिजिटल यंत्राने तेच काम आकडेमोडीने करून दाखवले. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये 'प्लेट', 'रूम', 'हॉल' अशी जी नावे दिसतात, त्यांत पत्र्याची, खोलीची आणि सभागृहाची ही परंपरा टिकून आहे. आकडेमोडीमुळे निनाद जवळजवळ फुकट झाला, मात्र तिच्याबरोबर एक नवी अडचण घरात शिरली. ती म्हणजे उशीर.

संगणकाला लागणारा उशीर

संगणक ध्वनी अखंड हाताळत नाही. तो ध्वनीचे सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० नमुने घेतो, ते ठरावीक संख्येच्या गठ्ठ्यात साठवतो आणि गठ्ठा भरला की त्यावर काम करतो. या गठ्ठ्याला बफर म्हणतात. बफर २५६ नमुन्यांचा आणि वेग ४८,००० चा असेल, तर एक गठ्ठा भरायला ५.३ मिलिसेकंद लागतात. आत येताना एक आणि बाहेर जाताना एक असे दोन गठ्ठे मोजले की १०.७, आणि रूपांतरासाठी व यूएसबीसाठी आणखी दोन-तीन धरले की गायकाचा आवाज माइकपासून संगणकातून फिरून हेडफोनपर्यंत यायला सुमारे १३ मिलिसेकंद लागतात. या उशिराला लेटन्सी म्हणतात.

हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४४ मीटर जातो. त्या हिशेबाने १३ मिलिसेकंद म्हणजे साडेचार मीटरचे अंतर. ढोलकीवाला तेवढ्या अंतरावर बसला तरी गायकाचे काही बिघडत नाही, पण स्वतःच्या आवाजाची गोष्ट वेगळी आहे. हाडांच्या वाटेने तो आवाज तत्क्षणी आत पोहोचलेला असतो आणि हेडफोनमधून त्याचीच प्रत मागाहून येते. उशीर पाच मिलिसेकंदांच्या आसपास असेल तर दोन प्रती एकमेकींत मिसळून आवाज पोकळ, नळीतून आल्यासारखा होतो. दहाच्या पुढे गेला की शब्दाला दुहेरी कड दिसू लागते, आणि तीस-चाळीसच्या घरात तालाची जागाच हलते. उशीर आणखी वाढवत सेकंदाच्या पाचव्या भागापर्यंत नेला तर साधे बोलणेही अडखळते, हे १९५० च्या सुमारास प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. बफर १०२४ नमुन्यांवर ठेवून, म्हणजे आकडेमोडीनेच ४३ मिलिसेकंदांचा उशीर पत्करून, 'माइकमध्ये इको येतोय' अशी तक्रार करणारे गायक प्रत्यक्षात रिव्हर्बबद्दल नव्हे, तर या उशिराबद्दल बोलत असतात.

तीन मार्ग

गायकाच्या कानात जिवंत रिव्हर्ब पोहोचवण्याचे मुख्यतः तीन मार्ग आहेत. पहिला मार्ग यंत्रातील रिव्हर्बचा. काही ऑडिओ इंटरफेसमध्ये संगणकाच्या मदतीशिवाय रिव्हर्ब निर्माण करणारी स्वतःची चिप असते. स्टाइनबर्गच्या यूआर-सी मालिकेत यामाहाचा रेव्ह-एक्स हा रिव्हर्ब असाच आत बसवलेला आहे. येथे उशीर नगण्य असतो आणि रिव्हर्ब फक्त हेडफोनला द्यायचा की मुद्रितही करायचा, हे ठरवता येते. भजनी मंडळांकडे असणाऱ्या लहान मिक्सरमध्येही रिव्हर्ब असतो आणि तोही चालतो, परंतु अनेक मिक्सर यूएसबीतून संपूर्ण मिश्रणच संगणकाकडे पाठवतात. तसे असेल तर रिव्हर्ब आवाजाबरोबर कायमचा मुद्रित होतो, हे आधीच तपासून घ्यावे लागते.

दुसरा मार्ग सर्व काम संगणकाकडून करून घेण्याचा. यात बफर ६४ किंवा १२८ नमुन्यांपर्यंत खाली आणतात, विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर वापरतात आणि ट्रॅकचे मॉनिटरिंग, म्हणजे गातानाच तो हेडफोनमध्ये ऐकणे, सुरू करून त्यावर रिव्हर्ब लावतात. संगणक जोमदार असेल तर हा मार्ग सर्वांत सोयीचा. मात्र जुन्या लॅपटॉपवर इतक्या लहान बफरने आवाजात कडकड येते. त्यावर एक साधा तोडगा असा की, वीस-पंचवीस ट्रॅकचे पूर्ण संगीत उघडे न ठेवता त्याची एकच तयार फाइल काढावी, ती नव्या प्रकल्पात घ्यावी आणि गायन तेथे मुद्रित करावे. पुढचे ऐकून मग काम करणारे लिमिटर आणि लिनिअर-फेज इक्वलायझर स्वतःहून उशीर वाढवतात, म्हणून मुद्रणाच्या वेळी ते बंद ठेवणे इष्ट.

तिसरा मार्ग पहिल्या दोहोंचा मेळ घालणारा असून बेताच्या सामग्रीवर काम करणाऱ्यांना तोच सर्वांत उपयोगी आहे. स्वस्तातील बहुतेक इंटरफेसवरही 'डायरेक्ट मॉनिटर' नावाचे बटण असते. ते दाबले की माइकचा आवाज संगणकात न जाता थेट हेडफोनला मिळतो आणि उशीर उरत नाही. उणीव एवढीच की तो कोरा असतो. तेव्हा कोरा आवाज या थेट वाटेने घ्यायचा आणि संगणकाकडून निव्वळ निनाद मागवायचा. त्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये रिव्हर्बचा एक स्वतंत्र ट्रॅक करतात, त्यावरील रिव्हर्ब शंभर टक्के 'वेट' ठेवतात, म्हणजे त्यातून मूळ आवाजाचा अंशही बाहेर पडू देत नाहीत, आणि गायनाच्या ट्रॅकमधून प्री-फेडर सेंडने आवाज तिकडे वळवतात. फेडरची, म्हणजे ट्रॅकचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या कळीची, पातळी काहीही असली तरी तिच्याआधीच आवाज उचलणारी उपवाट म्हणजे प्री-फेडर सेंड. गायनाच्या ट्रॅकचे मॉनिटरिंग चालू असते, पण त्याचा मुख्य मिश्रणाकडे जाणारा मार्ग बंद केलेला असतो. हा मार्ग चुकून उघडा राहिला तर थेट आवाजाबरोबर त्याची उशिरा येणारी प्रतही ऐकू येते आणि सगळा खटाटोप वाया जातो.

या रचनेत संगणकाचा उशीर नाहीसा होत नाही, तरीही तो खुपत नाही. याचे कारण निनादाच्या स्वभावात आहे. कोणत्याही मोठ्या वास्तूत परतलेला ध्वनी थोडा उशिराच येतो. चार मीटरवरच्या भिंतीवरून तो यायला सुमारे २३ मिलिसेकंद लागतात. सॉफ्टवेअरमधील रिव्हर्बमध्ये हा अवकाश मुद्दाम निर्माण करण्यासाठी 'प्री-डिले' नावाची कळ दिलेली असते. संगणकाचा १३ किंवा २० मिलिसेकंदांचा उशीर त्या अवकाशाची जागा घेतो आणि जी गोष्ट कोऱ्या आवाजात दोष ठरली असती, ती निनादात स्वाभाविक वाटते. प्री-डिलेची कळ मात्र शून्यावर ठेवावी. या उपायाने २५६ किंवा प्रसंगी ५१२ नमुन्यांच्या बफरवरही गायकाला सुखाने गाता येते, आणि जुना लॅपटॉप बदलण्याचा खर्च टळतो.

किती आणि कोणता निनाद

कानाला दिलेला निनाद गाण्याच्या प्रकृतीला साजेसा असावा. हळदीच्या द्रुत गाण्यात आणि लावणीत शब्द ठसक्याने, तालाच्या कडेवर पडावे लागतात. तेथे एक सेकंदाच्या आतला प्लेट किंवा रूम प्रकारचा रिव्हर्ब पुरतो. भीमगीतात शब्दाचा आशय आणि उच्च स्वरातील फेक दोन्ही महत्त्वाची असल्यामुळे मध्यम लांबीचा निनाद बरा. अभंग, गवळण किंवा विलंबित आलापी यांना दीड ते दोन सेकंदांचा हॉल मानवतो. रिव्हर्बकडे जाणाऱ्या आवाजातील सुमारे २०० हर्ट्झखालचा भाग कापला तर खर्जाचा गुंता होत नाही, आणि फार वरचे स्वर थोडे मंदावले तर 'स', 'श' यांचा सीत्कार कानात टोचत नाही.

प्रमाणाचा नियम याहून महत्त्वाचा आहे. रिव्हर्ब चालू आहे हे सतत जाणवत असेल तर तो जास्त आहे. बंद करताच त्याची उणीव भासत असेल तर तो बेताचा आहे. गरजेपेक्षा जास्त निनाद सूर आणि शब्द यांच्या चुका झाकतो. उदाहरणार्थ, तार षड्जावर थांबताना स्वर शेवटी किंचित उतरला, तर कोऱ्या आवाजात ते तत्काळ कळते, परंतु भरघोस निनादात आधीच्या बरोबर स्वराची शेपटी त्या उतरणीवर पांघरूण घालते आणि गायक समाधानाने पुढे जातो. जोडाक्षरे सैल पडणे, ओळीचा शेवटचा वर्ण गिळणे, श्वास चुकीच्या जागी घेणे, हेही निनादात लपते. म्हणून प्रत्येक कडवे मुद्रित झाल्यावर ते एकदा रिव्हर्ब बंद करून ऐकण्याची शिस्त ठेवावी. मुद्रक आणि गायक एकच व्यक्ती असते तेव्हा तर या शिस्तीवाचून गत्यंतर नाही, कारण चूक दाखवायला दुसरे कोणी नसते.

कानाला सुराचा आधार म्हणून निनादाबरोबर तंबोऱ्याचा किंवा पेटीचा षड्ज-पंचम स्पष्ट ऐकू येणे आवश्यक आहे. निनाद स्वराला टिकवतो, पण स्वर कोणता लावायचा हे तो सांगत नाही. अनेक गायक हेडफोनची एक बाजू कानावरून थोडी सरकवून एका कानाने खोलीतला आवाज ऐकतात. ती सवय उपयुक्त आहे, मात्र मोकळ्या राहिलेल्या बाजूचा आवाज मिश्रणातून बंद करावा, नाहीतर संगीत त्या फटीतून माइकमध्ये झिरपते.

मुद्रण कोरेच का असावे

कानात निनाद आणि फाइलमध्ये कोरा आवाज, हे या विषयाचे सार आहे. रिव्हर्बसह मुद्रित झालेल्या आवाजातून तो पुढे स्वच्छपणे वेगळा करता येत नाही. एका टेकमधील मुखडा आणि दुसऱ्या टेकमधील अंतरा जोडायचा झाला तर पहिल्याच्या निनादाची शेपटी मध्येच तुटते आणि जोड उघडा पडतो; सूर सुधारणारे सॉफ्टवेअर आधीच्या स्वराचा निनाद आणि नवा स्वर यांत गोंधळते; आणि अंतिम मिश्रणात ढोल, बेंजो किंवा कीबोर्ड वाढले की रात्री एकट्याने ऐकताना गोड वाटलेला निनाद शब्द बुडवू लागतो. कोरा आवाज हातात असेल तर हे सर्व निर्णय पुढे ढकलता येतात, आणि मिश्रण करणारा तंत्रज्ञ कल्याणात असो वा परदेशात, त्याला स्वच्छ सामग्री मिळते. मुद्रणाच्या वेळचा रिव्हर्ब प्रकल्पातच राहत असल्याने तो आवडला असेल तर मिश्रणातही ठेवता येतो. गमवायचे असे काहीच नसते.

दोन व्यावहारिक सूचनांकडे दुर्लक्ष होता कामा नये. पहिली, मॉनिटरिंगसाठी वायरचेच हेडफोन वापरावेत. ब्लूटूथ हेडफोन आवाज दाबून पाठवतात आणि पुन्हा उलगडतात, त्यात सामान्यतः शंभर मिलिसेकंदांहून अधिक उशीर होतो, आणि इंटरफेस कितीही भारी असला तरी तो उशीर भरून निघत नाही. दुसरी, आवाजाच्या पातळीला मर्यादा असावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार ८० डेसिबल पातळीचे ऐकणे प्रौढांसाठी आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित मानले जाते आणि पातळी वाढेल तसा हा काळ झपाट्याने कमी होतो. अनुभवी ध्वनिमुद्रक असेही सांगतात की हेडफोनचा आवाज फार मोठा ठेवून गाणाऱ्याचा सूर उतरण्याकडे झुकतो. बाहेर गाडी धडधडत असताना आवाज वाढवत नेण्यापेक्षा ती जाईपर्यंत थांबणे कानाच्या आणि गाण्याच्याही हिताचे आहे.

घरगुती मुद्रणाने शहाड, आंबिवली, टिटवाळा किंवा डोंबिवली येथील गायकाला स्टुडिओच्या घड्याळातून मोकळे केले, ही मोठी गोष्ट झाली. परंतु जुन्या स्टुडिओत गायकाच्या कानाची काळजी घेणारा एक ध्वनिमुद्रक काचेपलीकडे बसलेला असे, आणि घरातील खोलीत त्याची जागा रिकामी आहे. ती जागा महागड्या माइकने भरत नाही. नवा माइक घेण्यासाठी पैसे साठवणाऱ्या प्रत्येक गायक-गायिकेने त्याआधी एक संध्याकाळ काढून डायरेक्ट मॉनिटर, प्री-फेडर सेंड आणि वेट रिव्हर्ब यांची वर सांगितलेली जुळणी करून पाहावी, एकच कडवे तिच्यासह आणि तिच्याशिवाय गाऊन दोन्ही टेक कोरे ऐकावेत, आणि आपल्या गळ्याला काय मानवते याचा निर्णय त्यावरून घ्यावा.